दौलतभाऊची नजर

दौलतभाऊ झाडे गिऱ्हाइकाचं बोलणं कानावर घेत असे, पण मनावर घेत नसे. बाई गादीवर टेकली की तो तिच्या डोळ्यांकडे बघत राही. तोंडानं बाई म्हणायची, "हिरवं दाखवा भाऊ, साधंच दाखवा, भारी नोको." आणि डोळे मात्र मागच्या कप्प्यातल्या राणी रंगावर जाऊन बसलेले असायचे. दौलतभाऊ हिरवं काढायला म्हणून उठायचा आणि येताना राणी रंगाचं पातळही घेऊन यायचा. "माय, हे कायले काढलं?" असं म्हणत बाई तेच घेऊन घरी जाई.

हिंगणघाटच्या कापड बाजारात एका शेठजींच्या दुकानात आम्ही दोघांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली. त्याच्याकडे साड्यांची गादी, माझ्याकडे शर्टिंगची. मधे एक तक्क्या आणि शेठजींचा टेबलफॅन. तो फिरता होता म्हणतात, पण आमच्या दिशेनं कधी फिरल्याचं मला आठवत नाही. माझ्याकडे येणारे सगळे बाप्ये. त्यांना एक पांढरं आणि एक खाकी दाखवलं की काम संपलं. त्यामुळे शेजारच्या गादीवर काय चाललंय ते बघायला मला भरपूर वेळ मिळे. आता घरात बसल्या बसल्या टीव्हीवर साबणाच्या वडीसाठी चाललेली नाचगाणी बघतो, तेव्हा दौलतभाऊ आठवतो. एवढ्या आरडाओरड्याची त्याला कधी गरज पडली नाही.

माणूस सडपातळ. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खांद्यावर पांढराच दुपट्टा. "रंगायचा वीट आला रे, गणपत," असं म्हणे. हाताला एक खोड होती. काहीही हाती लागलं की काठाला काठ लावून घडी घालायची. वर्तमानपत्र, पिशवी, पानवाल्यानं दिलेला कागदसुद्धा. त्याच्या घरच्या चहाच्या फडक्याला इस्त्रीची घडी असे. आणि एक वाक्य तो उठता-बसता म्हणायचा, "डोया पुढं पयते, अक्कल मागून लंगडत येते." आपण गादीवर बसून फक्त डोळ्याला वाट दाखवायची, लंगडीच्या नादी लागायचं नाही, हे त्याचं धोरण होतं.

एकदा शेठजींनी नागपूरहून प्लास्टरची बाहुली आणली, पुरी बाईएवढी, एक हात कमरेवर. काचेच्या कपाटात ती उभी केली आणि तिला दुकानातली सगळ्यात महागडी साडी नेसवली. गाव बघायला लोटलं. बघून गेलं. दौलतभाऊनं दोन दिवस तमाशा बघितला आणि मग शेठजींपाशी जाऊन म्हणाला, "शेठजी, ते जांभयं नेसवू काय इले?" जांभळ्या साड्यांचा एक गठ्ठा आमच्याकडे कधीपासून पडून होता. रंग असा होता की शाई सांडली म्हणावं. शेठजी म्हणाले, "दौलत, वो जामुनी कौन लेगा? कुत्ता भी नहीं सूंघता." तरी नेसवली. दिवाळीच्या आधी कापूस विकून आलेली खेड्यापाड्यांची मंडळी दारातच थबकायची आणि आत येऊन म्हणायची, "थे बाहुलीवालं दाखवा." गठ्ठा संपला. एक साडी मात्र तळाशी दबून राहिली, ती नंतर कोणी काढलीच नाही.

शेठजींनी त्याची पाठ थोपटली, पेढेही दिले. संध्याकाळी दुकान आवरताना मी म्हणालो, "दौलतभाऊ, लेका, जादू केली तू." तो पेढ्याच्या कागदाची घडी घालत म्हणाला, "जादू कायची? त्यायले बाहुली दिसली, साडी दिसलीच नाई. आता घरी जाऊन दिसीन." त्याच्या आवाजात फुशारकी नव्हती. दिवसभर ओझं वाहून बैल गोठ्यात येतो, तसा तो बोलला.

एकच गिऱ्हाईक त्याला कधी जमलं नाही. वडनेरकडची एक म्हातारी होती. वर्षाकाठी एकदा यायची, लुगडं घ्यायला. गादीवर बसली की तोंड रस्त्याकडे करायची आणि म्हणायची, "आन भाऊ." दौलतभाऊ पदर उलगडायचा, काठ चमकवायचा, उजेड धरायचा. म्हातारी आपली रस्त्यावरची बैलगाडी बघतेय! हात मात्र मागे करून अंगठा आणि बोटात कापड चोळायची. "हे नोको. हे नोको. हे दे." जे घ्यायची ते दहा धुण्यांना टिकणारं असायचं. ती गेल्यावर दौलतभाऊ हात जोडून कपाळाला लावी. "इले काय विकू, बाप्पा? हे डोये घरी ठेवून येते."

आता तुम्ही म्हणाल, माणूस मोठा धूर्त. तसं नव्हतं. दुकानाच्या पायरीखाली उतरला की तो तुमच्या-आमच्यासारखाच. आठवडी बाजारातून वांगी आणायचा तर ढिगाच्या वरची तकतकीत बघूनच आणायचा, आणि घरी चिरली की निम्म्यात किडे. अनसूयावहिनी, म्हणजे त्याची बायको, अंगणातूनच ओरडायची, "अवो, दुनियेले फसवता, अन् वांगेवाली तुमाले फसवते!" तो हसायचा. म्हणायचा, "दिवसभर लोकायचे डोये वयवतो. बाजारात येईपर्यंत मायाच डोयात जीव राहत नाई."

वहिनीचं हे बोलणं तेव्हा थट्टेचं वाटलं. पुढे ते थट्टेचं राहिलं नाही.

दौलतभाऊची एकुलती मुलगी सुमन. हुशार, हाताला वळण, बोलणं मोजकं. लहानपणी चुलीवरचा वरणाचा गंज, म्हणजे उकळतं पातेलं, तिच्या अंगावर कलंडला होता आणि डाव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत आक्रसून गेली होती. तो हात ती सदा पदराखाली ठेवी. लग्नाचं बघायला लागले, तर मंडळी यायची, पोहे खायची, हात बघायची आणि "कयवतो" म्हणून जायची. कळवत कोणी नसे. दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा दौलतभाऊनं दुकानात दिवसभर गिऱ्हाईक तोंडानं मागेल तेवढंच काढून दिलं. संध्याकाळी म्हणाला, "गणपत, पोरगी माई लाखाची हाय. लोक हातच पाहून राह्यले. बाकीची पोरगी त्यायले दिसतच नाई." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याचं म्हणणं खरंही होतं.

पुढच्या वेळी सेलूकडची मंडळी यायची होती. घर चांगलं, केळीचे बगीचे. दौलतभाऊनं आपली सारी विद्या घरात आणली. पाहुण्यांची बैठक खिडकीकडे तोंड करून घातली, म्हणजे आत येणारी मुलगी उजेडाच्या पुढे आणि तिचा डावा हात सावलीत. सुमनच्या हाती जड पितळी ताट दिलं, डावा हात ताटाखाली. ताटावर तिनंच विणलेला लाल-पिवळ्या मण्यांचा रुमाल, मधोमध दोन बदकं. मुलाच्या आईची नजर त्या बदकांवर पडली ती उठलीच नाही. "माय, हे कोनं केलं?" "पोरीनंच." "अन् चोच कशी वयवली व?" बदकांच्या चोचीवरच अर्धा तास गेला. ताट आत गेलं, मुलगी आत गेली, आणि पसंती झाली. मी तिथंच होतो. दौलतभाऊनं माझ्याकडे बघून भुवई उडवली, गठ्ठा संपला की उडवायचा तशी.

मग रीतीप्रमाणे आपण त्यांचं घर-वावर बघायला जायचं. दौलतभाऊ, त्याचा चुलतभाऊ आणि मी गेलो. बाया जात नसत. वाड्याला नवा चुना, पण तिथं आम्हाला बसू दिलं नाही. थेट बगीच्यात नेलं. नवं इंजिन बसवलेलं, आणि पाइपातून मांडीएवढी जाड पाण्याची धार पडत होती. विदर्भाचा उन्हाळा, आम्ही बसच्या धुळीनं माखलेलो. ते पाणी बघून आमचं भानच गेलं. दौलतभाऊनं चप्पल काढून पाय त्यात घातले. मुलाचे वडील इंजिनाची माहिती सांगत होते, आम्ही ऐकत होतो. मुलगा केळीच्या खांबाला टेकून उभा होता. चहा आला. मुलाला कप द्यायला गेले तसे त्याचे मोठे भाऊ म्हणाले, "नाई नाई, थो चहा घेत नाई." दौलतभाऊनं माझ्याकडे वळून कौतुकानं मान हलवली.

घरी पोचलो तर वहिनी दारातच. पाण्याचा तांब्या हातात देऊन म्हणाली, "कसा हाय पोरगा?"

"अवं काय सांगू, मांडीएवढी धार हाय पान्याची," दौलतभाऊ म्हणाला. "इंजिन नवं कोरं."

"मी पोऱ्याचं इचारून राह्यली."

"चांगला हाय. उंच हाय. चहासुद्धा घेत नाई!"

"अन् चेहऱ्यानं?"

दौलतभाऊनं तांब्या तोंडाला लावला. कोणत्या गावच्या कोणत्या बाईनं कोणत्या सणाला कोणत्या काठाचं पातळ नेलं हे सांगणारा माणूस. त्याला त्या मुलाचा चेहरा आठवेना. त्यानं चुलतभावाकडे बघितलं, भावानं माझ्याकडे. मलाही धारच आठवत होती. "सावया हाय, चांगला हाय," असं काहीतरी म्हणून आम्ही वेळ मारून नेली. वहिनी तांब्या घेऊन आत गेली. तिला ते पटलं नव्हतं, पण पसंती झालेली, आणि आधीची दोन "कयवतो" तिच्याही मनात होतीच.

लग्न झालं. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणून दारू कुठं मिळते हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जावयालाही ते चांगलं ठाऊक होतं. सकाळी उठल्यावर मोहाची पोटात गेल्याशिवाय त्याच्या हातात कप धरवत नसे, आणि गेल्यावर त्याच हातांना दुसरी कामं सुचत. सुमननं बरंच सोसलं. मग एक दिवस ती ट्रंक घेऊन आली आणि ओसरीवर बसली. वहिनीनं तिची पाठ बघितली आणि ट्रंक आत नेली.

"चहा घेत नाई," दौलतभाऊ मला म्हणाला. आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. "कसा घेईन, गणपत? कप वाजला असता. पुरा वेळ त्याचे हात खिशात होते. मी पान्यात पाय घालून उभा होतो, अन् त्याचे हात खिशात होते."

जाब विचारायला तो सेलूकडे गेला तेव्हा मला सोबत नेलं. व्याही शांत माणूस. आमचं सगळं ऐकून घेतलं. मागे इंजिन चालूच होतं. मग म्हणाला, "इवाई, तुमी आमाले पोरीचा हात नाई दाखवला. आमी तुमाले पोऱ्याचा नाई दाखवला. आता भांडता कायले?" दौलतभाऊ उठला. परतीच्या गाडीत तो दुपट्ट्याची घडी घालायचा, मोडायचा, पुन्हा घालायचा. सोडचिठ्ठी झाली. सुमन घरीच ब्लाउज शिवू लागली.

त्यानंतर दौलतभाऊची गादी बिघडली. बाई राणी रंगाकडे बघू लागली की हा म्हणायचा, "बाई, दारात नेऊन उजेडात पाह्य. तोंड तिकडं करून हात लावून पाह्य." बायका गोंधळायच्या. विकणाराच असं बोलायला लागला तर घेणाऱ्याला संशय येणार नाही तर काय? उठून समोरच्या दुकानात जायच्या. शेठजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचारलं, "दौलत, तेरी नजर को क्या हुआ?" तो म्हणाला, "नजर हाय शेठजी. मीच थकलो." त्यांनी त्याला आतल्या खोलीत घड्या घालायला बसवलं. तिथं ट्यूबलाइट होती आणि बोलायला कोणी नव्हतं. तो मला सुखी वाटला नाही, पण दुःखीही वाटला नाही. नुसता दमलेला वाटला. हळूहळू त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला, तरी घडीचा काठ कधी चुकला नाही.

सुमनचं दुसरं जमवायचं वहिनीच्या मनात होतं. आमच्याकडे पाट लावतात, त्यात काही वावगं नाही. स्थळं येत होती. पण दौलतभाऊला आता एकच गोष्ट दिसे. माणूस आला की त्याचे हात. एकाच्या बोटांना पिवळे डाग होते, नाही. एकानं हात मागे बांधले, नाही. एक बिचारा पाय दुखतो म्हणून गुडघ्यावर हात ठेवून बसला होता, तोही नाही. मी म्हणालो, "दौलतभाऊ, माणसाले तोंडही असते." तो म्हणाला, "तोंडाचं नाव नोको काढू."

शेवटी कारंज्याचा माणिक नावाचा एक जण आला. बायको वारलेली, हायवेवर ढाब्याजवळ ट्रकच्या टायरचं दुकान. यावेळी मी स्वतः आधी कारंज्याला जाऊन आलो होतो. ड्रायव्हर लोकांत विचारलं, ढाब्यावर विचारलं. पीत नाही, मारत नाही, पैशाला चोख. हे सगळं मी दौलतभाऊला सांगितलं. त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे.

माणिक बहिणीला घेऊन आला. दौलतभाऊनं त्याला दारात, ऐन उजेडात बसवलं, आणि सुमनला सांगून ठेवलं होतं, डावा हात वर ठेव. ती तसाच हात उघडा ठेवून चहा घेऊन आली. माणिकनं हात बघितला, मग तिच्याकडे बघितलं, आणि कप घ्यायला हात पुढे केला. समोर दौलतभाऊ त्या हाताकडे असा टक लावून बसलेला, की वाघाचाही हात कापला असता. कप बशीवर वाजायला लागला. चहा हिंदकळून त्याच्या पॅन्टवर सांडला. त्याला घाम फुटला. "माफ करजा," तो म्हणाला, "असं आतापर्यंत मले कोनी पायलंच नाई." आणि कसनुसा हसत उरलेला चहा त्यानं संपवला.

मंडळी गेल्यावर दौलतभाऊ म्हणाला, "नाई."

"काऊन?" वहिनीनं विचारलं.

"हात नाई पायला काय त्याचा?"

तेवढ्यात सुमन आतून आली. बापासमोर एवढं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. "बाबा, पहिल्यानं कप घेतलाच नाई, तवा तुमी खुश झालते. यानं कापत्या हातानं घेतला, साऱ्यायसमोर सांडला, तरी पिला. लपवलं नाई न काही? मले हा चालते."

माणिकचा कप तिथंच पडला होता. दौलतभाऊनं तो उचलला, डोळ्यांजवळ नेऊन आत बघितलं, आणि कप खाली ठेवला. मग म्हणाला, "सुमनची माय, त्यायले कयवा. खरंखुरं कयवा."

पाट अगदी साधा झाला. मी दौलतभाऊला शेवटचं पाहिलं ते सुमनला निरोप द्यायला बसस्टँडवर. त्यानंतर मी मुलाकडे राहायला गेलो, आणि पुढच्याच वर्षी तो गेल्याचं कळलं. बसस्टँडवर त्या दिवशी त्यानं काखेत एक पुडकं आणलं होतं. दुकानातून स्वतः निवडलेली साडी. सुमननं पुडकं उघडलं आणि तिला हसू आवरेना. तळाशी दबून राहिलेली तीच जांभळी, शाई सांडल्यासारखी.

"बाबा, रंग कोनता आनला हा?"

"रंग नाई पायला," तो म्हणाला. "तोंड फिरवून हातानं पायली. टिकीन."

सुमननं ती साडी तिथंच नेसत्या लुगड्यावर पदरासारखी अंगावर घेतली. माणिकनं ट्रंक गाडीवर चढवली. गाडी हलली, धूळ उडाली. दौलतभाऊला आता एस.टी. म्हणजे नुसता लाल ढीग दिसत असे. तो भलत्याच दिशेला बघत माझ्या दंडाला धरून उभा होता.

"हात हालवून राह्यली काय रे थे?"

"हो."

"कोनता हात हाय, गणपत?"

मी नीट बघितलं. वाऱ्यानं तो जांभळा पदर मागे उडाला होता.

"डावा," मी म्हणालो.

त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, काठाला काठ लावून त्याची घडी घातली, आणि ती घडी डोळ्यांना लावून उभा राहिला.